फिक्स्ड ब्लेड ब्रॉडहेडला घरी धार लावायचं कुठून आलं

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार करणारे ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाच्या धारदार पात्यांच्या टोकाच्या, धारेवरून आजही इतके हिरिरीने भांडतात, त्याचं मूळ १९५० च्या आसपासच्या काळात आहे. त्याआधीचं थोडक्यात सांगतो. १९११ ला कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा एकटा उरलेला माणूस बाहेर आला, तो ऑब्सिडियनची (ज्वालामुखीच्या काचेसारख्या दगडाची) आणि बाटलीच्या काचेची बाणाची टोकं बनवायचा. त्याच्याकडून धनुष्य शिकलेल्या एका डॉक्टरने पुढे पोलादी टोकं वापरली आणि तिथून हातात कानस आली. दगडाला धार लावत नाहीत, कपचा काढून नवी कड करतात, पोलादाला मात्र घासावंच लागतं.

१९३४ ला विस्कॉन्सिनमध्ये फक्त धनुष्यासाठी हरणांचा सीझन सुरू झाला, मग शिकारी वाढले आणि रेडीमेड टोकं विकत मिळायला लागली, पण ती बोथट यायची. पाकिटातून काढून थेट बाणाला लावायची सोय नव्हती, आदल्या रात्री व्हाइसमध्ये धरून कानस मारणं हा शिकारीचाच भाग होता. १९५६ ला मोठ्या दोन पात्यांच्या मधे ब्लेडइतकं पातळ जादा पातं सरकवायचं डिझाइन आलं. ते पातं तयार धारेचं, मोठी पाती मात्र घरीच घासायची. १९७० च्या दशकात सगळीच पाती बदलता येणारी झाली, बोथट झाली की फेका, आणि घरची कानस बाजूला पडली.

इथेच शब्दाचा घोळ झाला. १९९० च्या दशकात मेकॅनिकल टोकं चालली, ज्यांची पाती जनावराला लागल्यावर उघडतात, तेव्हा न उघडणारं ते सगळं ‘फिक्स्ड’ म्हणायला लागले, म्हणजे पाती बदलता येणारंसुद्धा. त्यामुळे आज कोणी विचारतं की फिक्स्ड ब्लेडला धार कशी लावू, तर आधी विचारावं लागतं की तुझं टोक अखंड आहे का स्क्रू काढून पाती निघतात? दुसऱ्या प्रकारात नवा सेट घेणं बरं, ती पाती इतकी पातळ असतात की दगडावर धरताच येत नाहीत.

खरा वाद मात्र कानशीची धार की वस्तऱ्याची. अलाबामाच्या एका नामांकित धनुर्धराचं म्हणणं होतं की कानशीने सोडलेले बारीक दाते रक्तवाहिनी धरून कापतात, गुळगुळीत कड त्यावरून घसरते. त्याच्या नावामुळे ही पद्धत कित्येक वर्षं टिकली. उलट बाजूला १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात मोठ्या जनावरांवर टोकांच्या चाचण्या झाल्या, त्या करणाऱ्याने दगडावर घासून चामड्याच्या पट्ट्यावर ओढलेली गुळगुळीत कडच चांगली म्हटली, कारण फाटलेल्या वाहिनीत रक्त लवकर गोठतं, स्वच्छ कापलेली वाहत राहते. मला हेच पटतं, जनावर लवकर पडावं एवढंच शेवटी बघायचं असतं. रबरबँड ताणून त्यावर धार नुसती टेकवून बघा, चांगली धार असेल तर ओढावं लागत नाही, टेकल्याबरोबर तुटतो, आणि बोथट कड तोच रबर नुसता बाजूला ढकलते.

२००० नंतर अखंड तीन पात्यांची टोकं परत जोरात आली, त्यामागे घरची सोय हे मोठं कारण. दोन पाती एकाच वेळी दगडावर सपाट बसतात, कोन आपोआप ६० अंशाचा येतो, थोडं घासून टोक फिरवायचं, तिन्ही बाजूंना सारखेच हात मारायचे आणि शेवटी दाब कमी करत जायचा.

एकाच बाजूने उतार असलेली सिंगल बेव्हल टोकंही नाताळ प्रांतातल्या त्याच चाचण्यांमुळे लोकांच्या तोंडी झाली. यात उताराच्या बाजूने घासत राहायचं, सपाट बाजूला बोटाला खरखरीत ‘बर’ (धारेवर उलटलेली धातूची बारीक कड) लागेपर्यंत, मग ती बाजू दगडावर आडवी ठेवून एक-दोन हलके हात, बर निघून जाते. फक्त घेतानाच डावं की उजवं ते बघून घ्या, पिसं बाणाला ज्या दिशेने फिरवतात त्याच दिशेचा उतार लागतो.