मेडिक्लेमच्या फॉर्मवर बायको 'स्पाऊस' की 'एम्प्लॉयी'?

एप्रिल आला की आमच्या जळगाव एमआयडीसीत दोन गोष्टी हमखास, अंगाची लाही करणारं ऊन आणि एचआरचा मेडिक्लेमचा फॉर्म. नवराबायको एकाच कंपनीत असले की त्या फॉर्मवर गाडी अडते, बायकोला माझ्या फॉर्मवर डिपेंडंट दाखवू की तिचा तिचा वेगळा भरू? कँटीनमध्ये सगळे म्हणतात काय फरक पडतो, कंपनी एक, पॉलिसी एक. पडतो ना भाऊ, मी भोगलंय.

डिपेंडंट म्हणजे ती तुमच्याच 3 लाखांच्या कव्हरात वाटेकरी. घरच्या सगळ्यांना मिळून एकच रक्कम, त्याला फ्लोटर म्हणतात, म्हणजे एकच माठ आणि ज्याला आधी तहान लागली तो पिऊन मोकळा. एम्प्लॉयी म्हणून वेगळा फॉर्म भरला तर तिचा माठ वेगळा, तिचे 3 लाख तिचे. आम्ही आळस केला, आई-वडील, ही, पोरगा सगळे माझ्याच फॉर्मवर. जूनमध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, 2 लाख 10 हजार त्यात गेले. दिवाळीच्या तोंडावर हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन, बिल 1 लाख 20 हजार, आणि टीपीए डेस्कवरचा, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीचा पोरगा स्क्रीनकडे बघून म्हणतो, "दादा, 90 हजारच शिल्लक दिसताय." उरलेले 30 हजार रात्री मेव्हण्याने भुसावळहून पाठवले तेव्हा डिस्चार्ज मिळाला. हिच्या हक्काचे 3 लाख होते की, आम्ही मागितलेच नव्हते!

म्हाताऱ्यांचंही तसंच. बऱ्याच पॉलिसीत एका फॉर्मवर आई-वडील किंवा सासू-सासरे, एकच जोडी चालते. दोन फॉर्म असले तर तुमचे तुमच्याकडे, तिचे तिच्याकडे. फक्त त्यांचा प्रीमियम पगारातून कापतात का ते आधी बघा, तो आकडा कधीकधी घाम फोडतो. पोरं बहुतेक ठिकाणी एकाच्याच फॉर्मवर घेतात, मग ज्याच्या फॉर्मवर म्हाताऱ्यांचा भार नाही तिकडे टाका.

काही हुशार लोक दोन्ही फॉर्मवर एकमेकांना पण टाकायला बघतात, 6-6 लाख होतील म्हणून. एकाच ग्रुप पॉलिसीत एक माणूस दोनदा सहसा घेत नाहीत, आणि एकाच बिलाचे पैसे दोनदा तर कोणीच देत नाही.

मग डिपेंडंट कधी बरं? ती वर्षाच्या मधेच नोकरी सोडणार असेल तर. तिचं कव्हर नोकरीसोबत जातं, आणि मधेच स्पाऊस म्हणून नाव चढवायला काही पॉलिसीत नवीन लग्न झालं तरच परवानगी असते. एचआरकडून हे मेलवर लिहून घ्या, तोंडी नको. ज्यांचा पगार 21 हजारापर्यंत आहे ते ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, त्यांना हा प्रश्नच नाही, दोघांचेही 0.75 टक्के कापले जातात.

आणि कंपनीच बसली तर दोन्ही माठ एकाच दिवशी फुटतात. म्हणून घरची एक छोटी पॉलिसी पाहिजेच. जुन्या आजाराला त्यात जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं, म्हणजे आज घेतली तर आजपासून मोजणी सुरू, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर जीएसटी पण नाही.

यंदा आम्ही दोन फॉर्म दिले. पोराचं नाव हिच्या फॉर्मवर गेलं, तर आमच्या आईनेच विचारलं, "बापाचं नाव कुठंय?"