घराचे नूतनीकरण आणि मालमत्तेचे मूल्य (सोलापूर)

घर विकताना, भाड्याने देताना किंवा तारण ठेवताना त्याला चांगला भाव यावा म्हणून रचनेत, बांधकामात वा सोयींत केलेल्या बदलांना मूल्यवर्धक नूतनीकरण म्हणतात. निव्वळ हौसेखातर केलेल्या सजावटीचा यात समावेश होत नाही, मात्र घरमालक दोन्ही खर्च बहुधा एकाच खात्यात धरतात आणि विकायच्या वेळी नाराज होतात.

सोलापुरात या खर्चाचे गणित पुण्या-मुंबईहून वेगळे आहे. त्या शहरांत जागेची टंचाई भाव ठरवते. इथे तो पाणी, ऊन, काळी माती आणि उतारा (जागेच्या मालकीची सरकारी नोंद) यांवर ठरतो. घर बघायला आलेले गिऱ्हाईक आधी हौद किती मोठा आहे ते विचारते, हॉलमधले पीओपी नंतर बघते.

घरांचे प्रकार

शहराची घरे सरसकट एका साच्याची नाहीत. कसबा आणि जुन्या पेठांत दगड-मातीच्या भिंतींचे, माळवदाचे (लाकडावर माती टाकून केलेल्या सपाट छताचे) वाडे आहेत. १८७४ साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीपासून कापडधंदा वाढला, तशा गिरणगावाच्या चाळी उभ्या राहिल्या. पूर्व भागात राहते घर आणि यंत्रमागाचा कारखाना एकाच छताखाली असणे नेहमीचे. १९९२ च्या हद्दवाढीनंतर जुळे सोलापूर, शेळगी, बाळे, सोरेगाव या बाजूंना बंगले, रो-हाऊस आणि गुंठेवारीतील (मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरील) पत्र्याची घरे पसरली. त्यामुळे विजापूर रोडच्या बंगल्याला लागू पडणारा सल्ला साखर पेठेतल्या घराला लागू पडेलच असे नाही.

पाणी

शहराला मुख्यतः उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने, तसेच भीमेवरील टाकळी येथून आणि हिप्परग्याच्या तलावातून पाणी मिळते. नळाला मात्र रोज पाणी येत नाही. काही दिवसांच्या अंतराने पाळी येते. म्हणून जमिनीखालचा हौद ही इथल्या घरातली सर्वांत किमती गोष्ट ठरते. ८ फूट लांब, ६ फूट रुंद आणि ५ फूट खोल हौदात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर पाच जणांच्या घराला ते दहा दिवस पुरते. पाळी दोन दिवस लांबली तरी असे घर टँकरची वाट बघत बसत नाही, आणि खरेदीदार त्याचेच पैसे मोजतो. हौद नंतर खोदायचा म्हटले तर अंगण किंवा पार्किंग फोडावे लागते. त्यामुळे फरशीचे काम काढलेच असेल, तर हौद आधी आणि फरशी नंतर. हौद सेप्टिक टँकपासून शक्य तितका दूर आणि उंचावर घ्यावा, झाकणाच्या कडेला उंचवटा करावा, म्हणजे अंगण धुतलेले पाणी आत जात नाही.

बोअर असल्यास भाव वाढतो, पण उन्हाळ्यातही पाणी देणारे बोअर असेल तरच. चतुर खरेदीदार मे महिन्यात मोटार सुरू करून बघतो. बोअरचे पाणी बहुधा जड असते. नळांवर आणि गिझरमध्ये पांढरे थर बसतात, आणि तसले थर बसलेली महागडी बाथरूम जुनाटच दिसते.

जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात पन्नास हजार लिटरच्या घरात पाणी पडते, त्यातले चाळीस हजार लिटर बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडता येते. पाइप, गाळणी आणि खड्डा एवढाच खर्च. इतका कमी खर्च आणि इतका उपयोग असलेले दुसरे काम क्वचितच सापडेल, पण ते दिसत नाही म्हणून मागे पडते.

ऊन आणि छत

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो, काही दिवस ४३ च्याही पुढे जातो. वरच्या मजल्याच्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात. सर्वांत मोठा फरक पत्र्याऐवजी स्लॅब टाकण्याने पडतो. बांधकामाचा वर्ग बदलल्याने सरकारी मूल्यांकनही वाढते. मात्र पत्रा पेलण्यापुरत्या उभारलेल्या भिंतींवर आणि उथळ पायावर थेट स्लॅब टाकणे धोक्याचे आहे. कॉलम-बीमचा हिशेब अभियंत्याकडून करून घ्यावा लागतो. पुढच्या मजल्यासाठी म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळया दहा वर्षे तशाच गंजत ठेवण्याची पद्धत तर पूर्णच टाकून देण्यासारखी आहे.

स्लॅब असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा (चुना-सिमेंटात कुटून केलेला थर) आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे, म्हणजे चिनी मातीच्या टाइलचे, तुकडे ही जुनी जोडी अजूनही उत्तम. गळती थांबते, ऊन परतते. उतार मात्र पाण्याच्या पाइपकडे नीट हवा. पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जा आणि समोरासमोर खिडक्या हे उपाय एसीपेक्षा स्वस्त पडतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान आहे. वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असलेल्या या शहरात सौर संच हा विक्रीचा चांगला मुद्दा ठरतो. खरेदीदाराला माहितीपत्रक दाखवण्यापेक्षा आधीच्या वर्षभराची वीजबिले दाखवावीत. पॅनेल बसवण्याआधी कोबा आणि गळतीचे काम उरकलेले बरे, नाहीतर पुढे सगळा सांगाडा उचलावा लागतो.

काळी माती आणि भेगा

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात आणि दरवर्षी त्याच जागी पुन्हा उघडतात. विक्रीच्या तोंडावर पुट्टी भरून रंग काढला, तरी पुढचा उन्हाळा ते उघडे पाडतो. घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा, गच्चीचे पाणी भिंतीपासून दूर सोडणे आणि भिंतीलगतची झाडे व गळके नळ हटवणे या साध्या उपायांनी पायाजवळच्या मातीचा ओलावा स्थिर राहतो. भेग मोठी असेल तर आधी कारण शोधावे, मग गिलावा.

वाड्यांचा प्रश्न वेगळा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात शेजारच्या जिल्ह्यांत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदेच माणसांवर कोसळली. माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवल्याने वजन वाढत जाते. वाड्याला हात घालताना ते वजन उतरवणे आणि भिंती एकमेकींना बांधून घेणे हे पहिले काम. कोरीव खांब आणि चौक राखून ठेवावेत. त्यांची कदर करणारा खरेदीदार कमी, पण तो घासाघीस फारशी करत नाही.

कारखान्याचे घर

माग बंद पडल्यावर कारखान्याचे घर करणारे अनेक आहेत. तेलाने काळवंडलेली शहाबादी फरशी, माग रोवल्याची भोके, सततच्या हादऱ्यांनी सुटलेला गिलावा आणि उंच छपरामुळे पोकळ वाटणारी खोली असे त्याचे रूप असते. तेल मुरलेल्या जागी नवी टाइल नीट धरत नाही, म्हणून जुनी फरशी काढूनच नवी बसवावी. औद्योगिक वीजजोडणी घरगुती करून घेणे आणि मालमत्ता कराच्या नोंदीत वापर बदलून घेणे विसरू नये. उंचीचा फायदा घेऊन पोटमाळा काढता येतो. कारखान्याला रस्त्याच्या बाजूने वेगळे दार असेल, तर ते बुजवण्याची घाई करू नये: तिथे दुकान किंवा भाडेकरू येऊ शकतो. वरच्या मजल्याला बाहेरून जिना असलेल्या घराला याच कारणाने मागणी असते.

दिसण्यावरचा खर्च

स्वच्छ रंग, सुस्थितीतला ओटा, कोरडे संडास-बाथरूम आणि नवे वायरिंग एवढ्याने घर विकण्याजोगे होते. महागड्या किचन ट्रॉल्या, रंगीत दिव्यांचे छत, मापात बनवून घेतलेले फर्निचर यांचे पैसे क्वचितच परत येतात. ज्याची आवड त्याच्यापुरती. देवघराची जागा आणि दोन दुचाकींसह एका गाडीचे पार्किंग यांचे मात्र येतात.

कागदपत्रे

मुद्रांक शुल्कासाठीचे वार्षिक मूल्यदर तक्ते, म्हणजेच रेडी रेकनर, जागा, बांधकामाचा प्रकार आणि वय बघतात. आतली टाइल बघत नाहीत. बँकेचा मूल्यमापक मंजूर नकाशा हातात घेऊन येतो आणि नकाशात नसलेला मजला सहसा हिशेबात धरत नाही. कर्ज काढून घेणारे गिऱ्हाईक तिथेच मागे फिरते. रंग, गिलावा, फरशी बदलणे, फॉल्स सीलिंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. वाढीव खोली, मजला किंवा रचनेतला बदल यांना लागते, आणि अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार मालमत्ता कराच्या दुपटीइतकी शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते. हद्दवाढ भागातील गुंठेवारी घरांसाठी २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची वाट मिळाली. सामायिक (अनेकांची नावे असलेल्या) उताऱ्यावरचे घर नियमित करून घेण्याचा खर्च नव्या फरशीच्या कितीतरी आधी करावा.

विक्रीवरील भांडवली नफा काढताना घरात केलेल्या सुधारणेचा खर्च वजा मिळतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा लावून २० टक्के असा पर्याय मिळाला, त्यातल्या दुसऱ्या पर्यायात जुन्या सुधारणांची रक्कमही निर्देशांकाप्रमाणे वाढवून धरता येते. त्यासाठी पावत्या लागतात. गवंडी आणि ठेकेदाराला रोख देऊन वहीत टिपून ठेवलेल्या रकमा तिथे टिकत नाहीत, म्हणून हौद, स्लॅब, वायरिंग अशा मोठ्या कामांचे पैसे बँकेतून द्यावेत आणि बिले खरेदीखताच्याच फाइलला लावून ठेवावीत.