अधिवेशनातील विधेयके : महाराष्ट्र विधानमंडळ आणि सातारा–सांगली

कायदा करण्यासाठी किंवा असलेला कायदा बदलण्यासाठी विधानमंडळापुढे जो मसुदा येतो, त्याला विधेयक म्हणतात. विधानसभा आणि विधान परिषद या दोन्ही सभागृहांनी ते संमत केले आणि राज्यपालांनी संमती दिली, की त्याचा अधिनियम होतो. महाराष्ट्रात वर्षाला तीन अधिवेशने भरतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचे अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आले. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, हे बंधन राज्यघटनेच्या १७४ व्या अनुच्छेदाचे आहे.

विधानसभेत २८८ सदस्य आहेत. त्यांपैकी सातारा जिल्ह्यातून ८ (फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण, सातारा) आणि सांगली जिल्ह्यातून ८ (मिरज, सांगली, इस्लामपूर, शिराळा, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ, जत) निवडून जातात. ७८ सदस्यांच्या परिषदेत सांगली-सातारा या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची (इथले मतदार म्हणजे नगरपालिका, जिल्हा परिषद अशा स्थानिक संस्थांचे सदस्य) जागा आहे. पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या मतदारसंघांतही हे दोन्ही जिल्हे येतात. १९४९ ते १९६० या काळात त्यांची नावे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी होती. त्यामुळे इथल्या राजकीय इतिहासात दोघांना वेगळे काढणे अवघड जाते. या भागातून उभ्या राहिलेल्या मागण्या आणि इथल्या माणसांनी रेटलेली विधेयके पाहिली, तर विधेयकाच्या वाटेवरचे बहुतेक सगळे टप्पे आणि अडथळे दिसतात. म्हणून या नोंदीतली उदाहरणे मुख्यतः इथलीच घेतली आहेत.

विधेयकाचा कागद आणि त्याची वाट

मंत्र्याने मांडलेले ते शासकीय विधेयक, इतर कोणत्याही सदस्याने मांडलेले ते अशासकीय. अशासकीय कामकाजाला आठवड्यातला थोडाच वेळ मिळतो, तोही बहुधा शुक्रवारी. अशी विधेयके कायद्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. पण त्यांनी विषय सभागृहाच्या नोंदीत येतो आणि सरकारला उत्तर द्यावे लागते. हे काम छोटे मानू नये.

छापील विधेयक हातात घेतले की वर क्रमांक आणि वर्ष दिसते, त्याखाली पूर्णनाम. मग ‘भारतीय गणराज्याच्या’ अमुकाव्या वर्षी ‘पुढीलप्रमाणे अधिनियम करण्यात येत आहे’ हे ठरलेले वाक्य येते आणि त्यानंतर एकेक खंड, म्हणजे विधेयकातले कलम. शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन असते. नियम करण्याचे अधिकार शासनाकडे जात असतील तर त्याचे ज्ञापन असते, खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापनही जोडलेले असते. वाचणाऱ्याने सुरुवात या शेवटच्या पानांपासून करावी. सरकारला नेमके काय हवे आहे ते तिथे थोडक्यात सापडते, आणि पुढचे खंड त्या हेतूशी जुळतात की नाही हे ताडून पाहता येते.

संबंधित विभागाचा प्रस्ताव, विधि व न्याय विभागाने केलेला मसुदा आणि मंत्रिमंडळाची मान्यता एवढे झाले, की विधेयक सभागृहात पुरःस्थापित होते, म्हणजे रीतसर मांडले जाते. पुढे तत्त्वावर चर्चा होते. मग खंडशः विचार सुरू होतो. सुधारणा सुचवलेल्या असतील तर त्या त्या खंडावर घेतल्या जातात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे, असे पीठासीन अधिकारी विचारतात आणि आवाजावरून ‘होय’चे बहुमत जाहीर करतात. निकालाला आव्हान दिले गेले तर मतविभागणी होते, म्हणजे मते मोजली जातात. पहिला खंड, प्रस्तावना आणि पूर्णनाम सर्वांत शेवटी मताला येतात, कारण आतले खंड बदलले तर नावही बदलावे लागू शकते. यानंतर विधेयक दुसऱ्या सभागृहात जाते.

सभागृहाची गणपूर्ती (कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती) एक दशांश, म्हणजे विधानसभेत २९. विधेयकाच्या वेळी बाके रिकामी राहिली, तर खंडशः विचार हा केवळ क्रमांक वाचण्याचा कार्यक्रम उरतो. लक्षवेधी आणि स्थगन प्रस्ताव या तातडीचे विषय उचलण्याच्या मार्गांच्या बातम्या दुसऱ्या दिवशी गावापर्यंत पोहोचतात. विधेयकाच्या एखाद्या खंडातला एखादा शब्द पोहोचत नाही. परिणाम मात्र त्या शब्दाचाच पुढे वर्षानुवर्षे भोगावा लागतो.

तासगावातून राज्यभर : रोजगार हमी

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले नेते १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात झाला. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात खडी फोडणाऱ्या हातांच्या रांगा लागल्या आणि योजनेचे महत्त्व सगळ्या राज्याला पटले. पण योजना शासन निर्णयाने चालते आणि शासन निर्णयानेच थांबवता येते. हक्क द्यायचा तर कायदा लागतो. म्हणून रोजगार हमीचे विधेयक आले आणि १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते एकमताने संमत केले.

या अधिनियमाच्या नावात १९७७ आहे, तो १९७८ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २० म्हणून नोंदला गेला, आणि अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. संमत होणे, संमती मिळणे आणि लागू होणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे या तारखांवरून स्पष्ट होते. पैशाची सोयही आधीच झालेली होती : १९७५ च्या अधिनियमाने व्यवसाय कर लावला गेला आणि त्याचे उत्पन्न रोजगार हमीकडे वळवले गेले. शहरातल्या पगारदाराच्या कपातीतून दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला काम, अशी ही मांडणी होती. महाराष्ट्र विधानमंडळाने केलेल्या कायद्यांत तिची बरोबरी करणारे फार थोडे सापडतील. केंद्राने २००५ मध्ये ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

पाटण तालुक्यातून मुंबईच्या गोद्यांमध्ये हमालीला गेलेल्या माणसांची बाजू अण्णासाहेब पाटील यांनी लावून धरली. ते स्वतः पाटण तालुक्यातलेच. त्या चळवळीच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला.

साताऱ्यातून निघालेले विधेयक : जादूटोणाविरोधी कायदा

विधेयक किती वर्षे अडकून पडू शकते याचे सर्वांत दुःखद उदाहरण साताऱ्याचेच आहे. साताऱ्यात राहणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. भोंदूगिरीविरुद्ध वेगळा कायदा हवा, या मागणीने १९९५ मध्ये विधान परिषदेत ठरावाचे रूप घेतले. सभागृहाने संमत केलेला ठराव म्हणजे मत. तो सरकारला बांधत नाही. विधेयक आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. विधानसभेने १६ डिसेंबर २००५ रोजी ते संमत केले.

परिषदेत मात्र ते पुढे सरकले नाही. वारी, कीर्तन, नवस यांवर गदा येईल अशी भीती वारकऱ्यांमध्ये पसरली होती आणि विरोध मोठा होता. घटनेच्या १९६ व्या अनुच्छेदाप्रमाणे अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे संपल्याने, विधेयक मरत नाही. पण विधानसभा विसर्जित झाली, तर तिच्यापुढे असलेले आणि तिने संमत करून परिषदेकडे पाठवलेले, अशी दोन्ही प्रकारची विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. २००९ च्या निवडणुकीने हेच झाले. नवा मसुदा, नवी चर्चा, सगळे पहिल्यापासून.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेशाला मान्यता दिली. मुख्यमंत्री होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण. अधिवेशन सुरू नसताना राज्यपालांनी काढलेल्या अध्यादेशाला कायद्याचेच बळ असते, पण तो तात्पुरता असतो : विधानमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा विधेयकाने घेतली नाही तर तो संपतो. त्यामुळे नागपूरचे हिवाळी अधिवेशन निर्णायक ठरले. विधानसभेने १३ डिसेंबर २०१३ रोजी आणि परिषदेने १८ डिसेंबर रोजी विधेयक संमत केले. डॉक्टरांनी अठरा वर्षे अधिवेशनामागून अधिवेशन ज्याचा पाठपुरावा केला, तो कायदा त्यांना पाहता आला नाही.

कायद्याच्या अनुसूचीत १२ बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्कार करून फसवणूक, नरबळी अशी ठोस कृत्ये तिथे नमूद आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. आधीच्या आक्षेपांचा परिणामही मजकुरात दिसतो : प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही, हे स्वतंत्र कलमात लिहिले आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मजकुरात उतरले आणि कायद्याचा गाभाही शाबूत राहिला. खंडशः विचाराचा खरा उपयोग हा.

अध्यादेश नाकारला तर

सरपंच थेट गावाने निवडावा की सदस्यांनी, या प्रश्नावर पाच वर्षांत तीनदा कायदा बदलला. २०१७ मध्ये थेट निवडणूक आली. २०२० च्या सुरुवातीला नव्या सरकारला ती अध्यादेशाने रद्द करायची होती. राज्यपालांनी नकार दिला आणि अधिवेशन जवळ आले असल्याने विषय विधानमंडळात न्यावा असे सुचवले. फेब्रुवारी २०२० च्या अधिवेशनात ते विधेयक संमत झाले. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पावसाळी अधिवेशनात थेट निवड परत आली. सातारा-सांगलीतल्या गावकीला, भावकीला आणि पॅनेलच्या गणितांना प्रत्येक वेळी नव्याने जुळवून घ्यावे लागले. गावाच्या कारभाराचा पाया ठरवणारी तरतूद सरकारबरोबर फिरावी, हे योग्य नाही.

दोन कलमांत अडकलेला कायदा

तासगावचे आमदार आर. आर. पाटील गृहमंत्री असताना २००५ च्या पावसाळी अधिवेशनात मुंबई पोलीस अधिनियमात सुधारणा करून डान्स बारवर बंदी आली. हेतूबद्दल सभागृहात मतभेद नव्हते. पण कलम ३३-अ ने घातलेली बंदी कलम ३३-ब ने तारांकित हॉटेले आणि क्लब यांना लागू ठेवली नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. जून २०१४ मध्ये सूट काढून टाकणारे विधेयक चर्चेविना संमत झाले. २०१५ मध्ये त्यालाही स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला आणि त्यातल्याही काही अटी २०१९ मध्ये न्यायालयाने काढल्या. पाटील यांची तळमळ खरी होती, आणि म्हणूनच हा प्रवास वाचताना वाईट वाटते. ३३-अ आणि ३३-ब शेजारी ठेवून २००५ मध्येच कोणी नेटाने प्रश्न विचारले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

परिषदेचे अधिकार, धन विधेयक, राष्ट्रपती

सामान्य विधेयक परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर आणखी एक महिना रोखू शकते. त्यापुढे विधानसभेचा शब्द अंतिम. राज्यात संयुक्त बैठकीची तरतूद नाही. कर आणि सरकारी खर्च यांविषयीचे धन विधेयक फक्त विधानसभेत मांडले जाते आणि परिषदेला त्यावर शिफारशींसाठी १४ दिवस मिळतात. अर्थसंकल्पानंतरचे विनियोजन विधेयक या वर्गात मोडते. ते संमत झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून खर्चासाठी रक्कम काढता येत नाही. इस्लामपूरचे जयंत पाटील १९९९ ते २००८ अर्थमंत्री होते, तेव्हा हे काम त्यांच्याकडे होते.

राज्यपाल संमती देऊ शकतात, रोखू शकतात, धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, महिला आणि मुलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारे ‘शक्ती’ विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवले गेले होते.

नागरिकांचा सहभाग

विधेयक वादाचे असेल तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जाऊ शकते. समिती जाहिरात देऊन सूचना मागवते. बेकायदेशीर संघटनांविरुद्धच्या विशेष जनसुरक्षा विधेयकावर अशा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. नागपूरला मोर्चा न्यायचा तर इथल्या लोकांची नेहमीची गाडी म्हणजे मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरून जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. मोर्चाने विषय गाजतो. मजकूर बदलायचा असेल तर मात्र खंडाचा क्रमांक, वगळायचे शब्द आणि त्याजागी घालायचे शब्द लिहून ते विधेयक चर्चेला येण्याआधी आपल्या आमदारांकडे द्यावे लागतात, कारण सुधारणेची सूचना सदस्यालाच आणि मुदतीतच देता येते. विधेयकांच्या प्रती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात मिळतात.