मिखोएल्स: मुकुट चाचपणारा हात

१३ जानेवारी १९५३ रोजी मॉस्कोच्या ‘प्रावदा’ने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाने, एक बातमी छापली. औषधोपचाराच्या नावाखाली सोविएत पुढाऱ्यांना मारायचा कट काही डॉक्टरांनी रचला होता, त्यातले बरेचसे ज्यू होते, आणि परदेशातले हुकूम त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्यांत ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ मिखोएल्स होता. हा मिखोएल्स नट होता. त्याचा मृतदेह सापडला त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती, आणि त्याची अंत्ययात्रा याच सरकारने इतमामाने काढली होती. आरोपी डॉक्टरांमधला मिरॉन वोफ्सी त्याचा चुलतभाऊ.

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरची बोली. बांधा जर्मनचा, लिपी हिब्रू, शब्द हिब्रू आणि स्लाव्ह भाषांतलेही. प्रार्थना हिब्रूत, पण बाजार, भांडण आणि अंगाई यिडिशमध्ये. या बोलीत धंदेवाईक नाटक बऱ्याच उशिरा आलं. १८७६ मध्ये रुमानियातल्या याश शहरात नाटककार गोल्डफाडेनने कंपनी काढली, तिथून त्याची सुरुवात धरतात. सात वर्षांत रशियाच्या झारने त्यावर बंदी घातली. मग मंडळ्या ‘जर्मन नाटक’ म्हणून परवाना काढायच्या आणि पडदा वर गेला की आपलंच बोलायच्या. १९१७ च्या क्रांतीनंतर चित्र पालटलं. नव्या सरकारने यिडिश नाटकाला इमारत दिली, पगार दिले. धर्म आणि हिब्रू त्याला नको होते, पण कष्टकऱ्यांची भाषा म्हणून यिडिश चालत होती.

श्लोयमे वोफ्सी १८९० मध्ये द्विन्स्कला जन्मला (आज ते लॅटव्हियातलं दाउगावपिल्स). तो पेत्रोग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कायदा शिकत होता. तिशीला टेकल्यावर तो दिग्दर्शक ग्रानोव्स्कीच्या ज्यू नाट्यशाळेत दाखल झाला आणि मिखोएल्स हे नाव घेतलं. रूपाने तो नायक नव्हताच: ठेंगणा, कपाळ मोठं, नाक चपटं, खालचा ओठ पुढे आलेला. १९२० मध्ये मंडळी मॉस्कोला आली. एका जप्त घरात नव्वद खुर्च्यांचं थिएटर मिळालं. भिंती रंगवायला आला चित्रकार मार्क शगाल. सर्वांत मोठं चित्र जवळजवळ आठ मीटर लांब, त्यात नाचणारी, कोलांट्या मारणारी नटमंडळी आणि त्यांच्यात मिखोएल्सही. यिडिश लेखक शोलेम अलेइखेमच्या प्रवेशांनी १ जानेवारी १९२१ ला पडदा वर गेला. पहिल्या प्रयोगाआधी शगाल नटांच्या कपड्यांवरही ठिपके काढत बसला होता. तुझा उजवा डोळा नसता तर तुझं किती काय करता आलं असतं, असं तो मिखोएल्सला म्हणाल्याची गोष्ट पुढे सांगितली जाई. मला तो विनोद वाटत नाही. शगालला नटाचा चेहराही कॅनव्हाससारखाच हवा होता.

१९२८ मध्ये मंडळी युरोपच्या दौऱ्यावर गेली आणि ग्रानोव्स्की परत आलाच नाही. थिएटर मिखोएल्सच्या हाती आलं.

त्याची कीर्ती मुख्यतः १९३५ मध्ये केलेल्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’वर उभी आहे. दिग्दर्शन रादलोव्हचं, नेपथ्य तिश्लरचं, विदूषक झाला मिखोएल्सचा जुना जोडीदार बेन्यामिन झुस्किन. लिअर म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरी दाढी येते. मिखोएल्सने दाढीच लावली नाही. प्रवेशही डामडौलाचा नाही, राजा आलाय हे चटकन कळूच नये असा. आणि एक हावभाव नाटकभर फिरत राहायचा: हात डोक्याकडे जायचा, मुकुट चाचपायचा. राज्य वाटून टाकल्यावरही हात सवयीने वर जायचा आणि बोटांना तिथे काहीच लागायचं नाही. यिडिश न कळणारे लोकही हे नाटक बघायला येत. गॉर्डन क्रेगसारख्या इंग्रज रंगकर्मीने मॉस्कोत ते पाहून मनापासून दाद दिली. त्यातले काही तुकडे चित्रित झाले, आणि तेवढेच उरलेत.

पुढच्याच वर्षी ‘सर्कस’ या लोकप्रिय सिनेमात तो काही क्षण दिसला. एका अमेरिकन बाईचं काळं बाळ सर्कशीतले प्रेक्षक हातोहात झेलतात, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत अंगाई म्हणतो. यिडिश कडवं मिखोएल्सच्या वाट्याला आलं.

युद्धात त्याच्याकडे दुसरं काम आलं. १९४२ मध्ये हिटलरविरुद्ध जगभरच्या ज्यूंचा पाठिंबा मिळवायला ज्यू फॅसिस्टविरोधी समिती स्थापन झाली, तिचा तो अध्यक्ष. १९४३ मध्ये सरकारनेच त्याला कवी फेफरबरोबर अमेरिकेला पाठवलं. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे पन्नास हजार लोक जमले. आइनस्टाइन भेटला, शगालही. परतल्यावर ज्यूंची गाऱ्हाणी त्याच्याकडे येऊ लागली: घर परत मिळत नाही, नोकरी मिळत नाही. नट लोकांचा पुढारी झाला, आणि स्टालिनच्या राज्यात एवढं पुरेसं होतं. परदेशी ओळखी सरकारने लावून दिल्या होत्या, त्या आता त्याच्याच विरुद्ध गेल्या.

जानेवारी १९४८ मध्ये स्टालिन पारितोषिकासाठी एक नाटक बघायला तो मिन्स्कला गेला. १२ तारखेच्या रात्री गुप्त पोलिसांनी त्याला आणि सोबतचा समीक्षक गोलुबोव्ह याला फसवून गावाबाहेरच्या बंगल्यात नेऊन मारलं आणि प्रेतं बर्फातल्या रस्त्यावर टाकली. जाहीर झालं: अपघात. मॉस्कोत अंत्यदर्शनाला हजारोंची रांग लागली आणि थिएटरला त्याचं नाव दिलं गेलं. मारेकऱ्यांना त्याच वर्षी गुपचूप पदकं मिळाली.

थिएटरचा कारभार झुस्किनकडे आला. या विदूषकाची झोप उडाली होती. डिसेंबर १९४८ मध्ये निद्रोपचारासाठी तो इस्पितळात होता, तिथून त्याला गुंगीतच उचलून नेलं. १९४९ मध्ये थिएटर बंद झालं. १२ ऑगस्ट १९५२ ला झुस्किन, फेफर आणि समितीशी जोडलेल्या इतरांना गोळ्या घातल्या.

स्टालिन मार्च १९५३ मध्ये गेला. एप्रिलमध्ये गृहमंत्री बेरियाने वरिष्ठांना टिपण पाठवून मिन्स्कच्या खुनाचा तपशील मांडला. डॉक्टर सुटले, तसं ‘प्रावदा’त छापूनही आलं; पदकं काढून घेतली, पण मिन्स्कच्या खुनाबद्दल लोकांना काही सांगितलं गेलं नाही. मिखोएल्सच्या मुली सत्तरच्या दशकात इस्रायलला निघून गेल्या.

‘सर्कस’मधलं त्याचं कडवं दरम्यान कापून टाकलं होतं, ते नंतर पुन्हा जोडलं. शगालची चित्रं गुंडाळून त्रेत्याकोव्ह संग्रहालयाच्या कोठारात पडून होती. १९७३ मध्ये पंचाऐंशी उलटलेला शगाल मॉस्कोला आला, तेव्हा ती त्याच्यासमोर उलगडली. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कॅनव्हासांवर त्याने तेव्हा सही केली.