यातनांमधून सत्य बाहेर येते का?

दहशतवादी हल्ला झाला की पकडलेल्या संशयिताबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘थर्ड डिग्री दिली की पोपटासारखा बोलेल.’ नीतीची गंभीर चर्चाही पुष्कळदा याच समजुतीवर उभी असते. एका पारड्यात एका माणसाच्या यातना आणि दुसऱ्यात शेकडो निरपराधांचे प्राण ठेवून निवड करायला सांगितली जाते, तेव्हा यातनांमधून खरी माहिती मिळते हे आधीच मान्य केलेले असते. मेंदूविज्ञानाचा आक्षेप नेमका तेथे आहे.

एखादी घटना आठवताना मेंदू चेहरा, आवाज, जागा, क्रम असे तिचे विखुरलेले तुकडे प्रत्येक वेळी नव्याने जुळवतो. ही जुळवणी मुख्यतः हिप्पोकॅम्पस या भागावर अवलंबून असते, तर जुळलेले चित्र स्वतः अनुभवलेले आहे, कोणाकडून ऐकलेले आहे की नुसते कल्पिलेले, याची पारख करण्यात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो. तीव्र भीतीत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते आणि रक्तावाटे मेंदूत पोहोचते. हिप्पोकॅम्पसच्या पेशींमध्ये ते पकडणारे रिसेप्टर दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचे कॉर्टिसॉलला इतके घट्ट धरतात, की एरवीच्या पातळीलाही ते बहुतांशी व्यापलेले असतात. दुसऱ्या प्रकारचे पातळी बरीच चढल्यावरच व्यापले जातात, आणि तसे झाले की साठवलेले आठवण्याची क्रिया मंदावते. त्याच वेळी नॉरअॅड्रिनॅलिन या ताणात मेंदूत वाढणाऱ्या रसायनाच्या माऱ्याने प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे कामही ढासळते. म्हणजे चौकशी करणाऱ्याला कैद्याच्या मेंदूतील जी दोन कामे हवी असतात, तीच छळाने बिघडतात. आणि अशा अवस्थेत एकच प्रश्न अपेक्षित उत्तरासह शंभरदा विचारला, तर ते उत्तर कैद्याच्या ‘आठवणीत’ शिरू शकते. पोपट बोलतो, पण शिकवलेलेच बोलतो.

हे प्रयोगांतही दिसले आहे. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणात पाचशेहून अधिक निरोगी सैनिकांची युद्धकैद्यांसारखी लुटुपुटीची चौकशी झाली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, शारीरिक दांडगाई असलेली चौकशी घेणारा माणूस समोर ओळखपरेडीत उभा केला असता सुमारे 30 टक्केच सैनिक त्याला ओळखू शकले. सौम्य चौकशीनंतर हे प्रमाण सुमारे 62 टक्के होते. 2016 च्या एका प्रयोगात, न केलेली चूक कबूल करणाऱ्या कागदावर पहिल्याच विनंतीला सही करणारे, रात्रभर झोपलेल्यांत 18 टक्के, तर एक रात्र जागवलेल्यांत 50 टक्के निघाले. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेने आपल्या गुप्त तुरुंगांत काही कैद्यांना 180 तासांपर्यंत जागे ठेवले होते.

आपल्याकडे ‘नार्को टेस्ट’विषयीही असाच चमत्काराचा समज आहे. गुंगीच्या औषधाने जीभ सैल होते, पण खरे-खोटे निवडण्याची शक्तीही सैल होते. ही चाचणी सक्तीने करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मनाई केली, ती मला विज्ञानाच्या दृष्टीनेही योग्य वाटते.

छळ उपयोगी ठरला असता, तरी तो समर्थनीय ठरला नसता. संयुक्त राष्ट्रांचा 1984 चा छळविरोधी करार युद्धासह कोणत्याही असाधारण परिस्थितीचे निमित्त अमान्य करतो. गुप्त स्थानबद्धतेचे पाप मात्र छळाहून थोडे वेगळे आहे : वकील नाही, न्यायाधीश नाही, कुटुंबाला पत्ता नाही, त्यामुळे चूक पकडणारे कोणी उरतच नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सीआयएच्या ताब्यातील 119 जणांपैकी किमान 26 जणांना चुकीने डांबले होते.

अल-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेला इब्न अल-शेख अल-लिबी 2001 च्या अखेरीस पकडला गेला आणि पुढे इजिप्तच्या हवाली झाला. तेथील चौकशीत त्याने सांगितले, की इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक व जैविक शस्त्रांचे प्रशिक्षण दिले. ती माहिती अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी 5 फेब्रुवारी 2003 रोजी सुरक्षा परिषदेत त्याचे नाव न घेता मांडली. छळ थांबावा म्हणून आपण ती रचली, असे त्याने जानेवारी 2004 मध्ये सीआयएला सांगितले. तोवर अमेरिकेच्या इराकवरील आक्रमणाला दहा महिने होत आले होते.