लसीकाभ अवयवांचे उच्छेदन (मत्स्य-परजीवीविज्ञान)

माशाची यौवनलोपी (थायमस) ग्रंथी किंवा प्लीहा हे लसीकाभ (प्रतिकारपेशी असलेले) अवयव शस्त्रक्रियेने काढून परजीवीविरुद्धच्या प्रतिकारात काय फरक पडतो हे तपासण्याची प्रायोगिक पद्धत. ब्रूस ग्लिक व सहकाऱ्यांचे कोंबडीच्या फॅब्रिशियस स्यूनावरील (गुदद्वाराजवळील लसीकाभ पिशवीवरील) काम (१९५६) आणि जॅक मिलर यांचे नवजात उंदरांच्या थायमसवरील काम (१९६१) यांतून टी (थायमसमध्ये घडणाऱ्या) व बी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या) लसीकापेशींमधील भेद पुढे स्पष्ट झाला. माशांवरील प्रयोग याच धर्तीवर झाले. मात्र माशाची शरीररचना त्यांना फारशी अनुकूल नाही.

अस्थिमत्स्यांत रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा नसते आणि लसीका गाठीही नसतात. अस्थिमज्जेचे बरेचसे काम अग्रवृक्क, म्हणजे मूत्रपिंडाचा पुढचा भाग, करतो. याशिवाय त्वचा, आतडे व कल्ले यांतही लसीकाभ ऊतक असते; अटलांटिक सामनच्या कल्ल्यांतील असा एक संचय २००८ मध्ये वर्णिला गेला. अग्रवृक्क पाठीच्या कण्यालगत पसरलेला असून त्यात कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या पेशी मिसळलेल्या असतात. तो काढून मासा जगवणे व्यवहार्य नाही. परिणामी उच्छेदनाचे प्रयोग थायमस आणि प्लीहा यांच्यापुरते राहिले व सर्वांत महत्त्वाचा अवयव चौकशीबाहेरच राहिला.

थायमस कल्ल्यांच्या पोकळीच्या वरच्या भागात, पातळ अधिस्तराखाली असते. प्रच्छद (कल्ल्यांवरचे झाकण) उचलला की ती हाती लागते, त्यामुळे शस्त्रक्रिया अवघड नाही. अवघड आहे ती वेळ साधणे. ट्राउटसारख्या गोड्या पाण्यातील माशांत लसीकापेशी प्रथम थायमसमध्ये, मग वृक्कात व शेवटी प्लीहेत दिसतात. अनेक सागरी जातींत मात्र वृक्क आधी व थायमस शेवटी असा क्रम नोंदला आहे. हा फरक खरा की निरीक्षणपद्धतीतून आलेला, याबद्दल एकमत नाही. जातिनिहाय फरक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. काहीही असले तरी पिलू शस्त्रक्रिया सोसण्याइतके मोठे होईपर्यंत बऱ्याच टी पेशी थायमस सोडून इतर अवयवांत पोचलेल्या असतात. १९८० च्या दशकात मॅनिंग व टॅटनर यांच्या ट्राउटवरील कामात पिलांच्या वयाला महत्त्व आले ते यामुळेच. प्रौढ माशाचे थायमस काढूनही प्रतिपिंडे तयार झाली, तर ग्रंथी निरुपयोगी ठरत नाही. तिचे काम आधीच उरकले असावे, एवढेच म्हणता येते. शिवाय शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढून लसीकापेशी घटतात. म्हणून अवयव न काढता केवळ छेद घेतलेल्या माशांचा तुलनागट आवश्यक असतो. पाण्याचे तापमानही स्थिर ठेवावे लागते, कारण थंड पाण्यात प्रतिसाद मुळातच मंद असतो.

परजीवींमध्ये क्रिप्टोबिया साल्मोसिटिका हा सामनकुलातील माशांच्या रक्तातील कशाभिक (चाबकासारखी शेपटी असलेला एकपेशीय जीव) या कामास विशेष सोयीचा ठरला. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील नद्यांत तो जळूमार्फत पसरतो आणि पंडुरोग, डोळे बाहेर येणे, जलोदर अशी लक्षणे घडवतो. रक्तातील परजीवी मोजता येतात, आणि प्रतिपिंड व पूरक (रक्तातील जंतुनाशक प्रथिनांचा गट, कॉम्प्लिमेंट) यांच्या संयुक्त क्रियेने ते फुटतात हे परीक्षानळीत दाखवता येते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठातील पॅट्रिक वू यांच्या गटाने १९९० च्या दशकात थायमस काढलेल्या रेनबो ट्राउटमध्ये, संसर्गानंतर आणि क्षीण केलेली जिवंत लस दिल्यानंतर, पूरक-बंधक (पूरकाला कार्यान्वित करणाऱ्या) प्रतिपिंडांची निर्मिती अभ्यासली. या रोगात प्लीहा सुजते. ती रक्तपेशींचा साठाही असल्याने ती काढल्यावर दिसणारा परिणाम प्रतिकार घटल्याचा की पंडुरोग सोसण्याची शक्ती घटल्याचा, हे वेगळे करणे कठीण जाते.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा कारक इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा त्वचा व कल्ले यांत शिरतो. पूर्वी संसर्ग होऊन गेलेल्या माशात शिरलेला परजीवी वाढ पुरी होण्याआधीच बाहेर पडतो. परजीवीला निश्चल करणारी उंदरांतील प्रतिपिंडे टोचून चॅनेल कॅटफिशला संरक्षण देता आले (१९९६). येथे त्वचेतील स्थानिक प्रतिपिंडांनाही महत्त्व असल्याने प्लीहा काढल्याचा परिणाम कमी दिसावा, अशी अपेक्षा होती. परंतु २०२३ मध्ये याच परजीवीने ग्रस्त ट्राउटच्या प्लीहेत, कृष्णरंजकयुक्त भक्षिपेशींलगत (काळे रंगद्रव्य असलेल्या, कण गिळणाऱ्या पेशींलगत), बी व टी पेशींचे सुसंघटित पुंजके आढळले. तेथे बी पेशींचे विशिष्ट वंश वाढतात व त्यांच्या जनुकांत उत्परिवर्तने साचतात. सस्तन प्राण्यांच्या जननकेंद्रांशी (बी पेशी वाढून सुधारण्याच्या जागांशी) असलेले हे साम्य पाहता प्लीहेला गौण ठरवणारी जुनी मते पुन्हा तपासावी लागतील.

अलीकडे शस्त्रक्रियेऐवजी रॅग-१ जनुक (टी व बी पेशी घडण्यास आवश्यक) निकामी केलेले झेब्राफिश (२००२) किंवा ठराविक पेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे वापरतात. आयजीटी (माशांतील एक प्रतिपिंड) धारण करणाऱ्या बी पेशी नष्ट केलेले ट्राउट इक्थिऑफ्थिरियसला सहज बळी पडतात असे २०२० मध्ये दिसले. गायरोडॅक्टिलससारख्या पर्णकृमींना पूरक हे प्रतिपिंडांवाचूनही मारू शकते. त्यामुळे तेथे अवयव काढण्यापेक्षा हायड्रोकॉर्टिसोन देऊन प्रतिकार दाबण्याची पद्धत वापरली गेली आणि तशा माशांवर कृमींची संख्या वाढलेली आढळली.