क्लोजरची अंतर्गत मांडणी

फंक्शनचा कोड आणि त्याला लागणारी बाहेरची व्हेरिएबल्स यांची एकत्र बांधलेले गाठोडे म्हणजे क्लोजर. संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी ही संज्ञा 1964 मध्ये वापरली.

लातूरच्या आडतीवरची तुरीची पट्टी घ्या. हमाली आणि तोलाईचे दर घेणारे फंक्शन सकाळी एकदाच चालते व वजन-भाव घेणारे दुसरे फंक्शन हाती देते. पहिले संपले तरी दर दिवसभर शाबूत हवेत. ते ठेवायचे कुठे, हा कंपायलरचा (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा) प्रश्न.

साखळी मांडणीत आतल्या फंक्शनकडे बाहेरच्या फंक्शनच्या अख्ख्या चौकटीचा, म्हणजे त्याची सगळी व्हेरिएबल्स ठेवलेल्या जागेचा, पत्ता असतो. लिहायला सोपी, पण त्याच चौकटीत दिवसभराच्या आवकेची यादी असेल तर तीही मेमरीत अडकून पडते. सपाट मांडणीत (लुका कार्डेली, 1984) लागणारी मूल्ये तेवढीच उचलतात: 64-बिट यंत्रावर कोडचा पत्ता आणि दोन दर मिळून 24 बाइट, वर हेडर (गाठोड्याचीच माहिती सांगणारा सुरुवातीचा भाग) असल्यास त्याचे 8.

मात्र दुपारी हमाली बदलली तर उचललेली प्रत जुनीच राहते. म्हणून जे व्हेरिएबल आत उचलले जाते आणि बदलतेही, ते हीपवरच्या (फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीतल्या) डबीत ठेवून डबीचा पत्ता उचलतात. लूपच्या प्रत्येक फेरीला नवी डबी की एकच, हे भाषेने ठरवायचे; गो भाषेने 1.22 आवृत्तीत (2024) फेरीगणिक नवे व्हेरिएबल स्वीकारले.

जुन्या कंपायलरमधली क्लोजरची मांडणी बदलताना खरी अडचण वेगळीच निघते: बाहेरची व्हेरिएबल्स कोणती, हे कंपायलरचा प्रत्येक टप्पा आपापले मोजतो आणि उत्तरे जुळत नाहीत. ती यादी क्लोजर घडवणाऱ्या सूचनेतच लिहावी. मोजणी आतून बाहेर करावी. तिसऱ्या थरातल्या फंक्शनला पहिल्या थरातले दर हवे असतील, तर मधल्यालाही ते उचलावे लागतात. इथे हमखास चूक होते, कारण मधल्याच्या स्वतःच्या कोडमध्ये त्या नावाचा उल्लेखच नसतो. मग कोणाला डबी लागते ते ठरवावे, आणि शेवटी यादीतल्या नावांच्या जागी क्लोजरमधल्या खणांचे क्रमांक द्यावेत. क्रमांक आधी दिले आणि नंतर इनलायनिंगने (फंक्शनचा कोड बोलावण्याच्या जागीच उतरवण्याने) एखादे व्हेरिएबल बाद केले, तर रिकामा खण उगाच वाहिला जातो. स्वतःलाच बोलावणारे फंक्शन स्वतःला उचलू पाहते; त्याला चालू क्लोजरचाच पत्ता द्यावा.

या रूपांतरानंतर एकाही फंक्शनात बाहेरचे नाव उरलेले नाही, ही तपासणी कंपायलरमध्येच कायमची बसवतात. डीबगरला (चुका शोधायला मदत करणाऱ्या साधनाला) मात्र कोणत्या खणात कोणते नाव, हे वेगळे लिहून द्यावे लागते.